निळं वर, मूठ घट्ट

वालूर, ता. सेलू, जि. परभणी
रविवार, दि. १८ मे २०२५

चि. मनिषा हिस,

बाबांचा सप्रेम जयभीम, आणि तुझ्या आईचा इथूनच डोक्यावरून हात.

आम्ही दोघं ठीक आहोत. ऊन असं आहे की दुपारी बारानंतर गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही. तुझ्या संघूने सुटीत परसात लावलेलं मिरचीचं रोप जगलं आहे. तुझी आई भाजी धुतल्याचं पाणी त्यालाच घालते आणि घालताना त्याच्याशी बोलते. काय बोलते ते विचारलं तर सांगत नाही.

अक्षर बघून तू म्हणशील, हे बाबांचं नाही. चौतीस वर्षं शाळेत लिपिक म्हणून काढली, निम्म्या वालूरचे अर्ज या हाताने लिहिले, साहेब लोक माझा मस्टर इतरांना दाखवायचे. आता हे असं मांजराच्या पावलांसारखं अक्षर निघतंय, कारण उजव्या अंगठ्याला अजून पट्टी आहे. तुला मी सांगितलं होतं की दवाखान्याच्या दारात चिमटला. त्या दाराबद्दल पुढे लिहितो.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू "बाबा, तुम्ही होतात म्हणून" असं सुरू करतेस आणि माझ्या तोंडाला कुलूप लागतं. लिहिताना तसं होत नाही. लिहिण्यात मी आयुष्यभर शूर होतो.

गावची बातमी एकच. विहार समितीचा अध्यक्ष सिद्धोधन परवा घरी येऊन गेला. येत्या रविवारी, पंचवीस तारखेला, विहारात माझा सत्कार ठेवलाय. शाल, पुष्पगुच्छ, आणि 'प्रसंगावधान' असा शब्द छापलेलं सन्मानपत्र. मजकूरही मीच लिहून द्यावा असं त्याचं म्हणणं, कारण गावात दुसऱ्या कुणाला शुद्ध लिहिता येत नाही. मी होय म्हणालो आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

आता ज्या गोष्टीसाठी बसलोय तिच्याकडे येतो. गुरुवारी तू फोनवर म्हणालीस, "दिवाळीत संघूला पाठवीन, पण बाबा, तुम्ही घरी असाल तरच. आईवर एकटीवर तिला सोपवू नका. आईला वाचता येत नाही, ऐन वेळी ती काय करणार?" तू वाईट मनाने बोलली नाहीस हे मला माहीत आहे. पण फोन स्पीकरवर होता. तुझी आई समोर सुपात ज्वारी निवडत बसली होती. ती निवडून झालेल्या ज्वारीतच पुन्हा खडे शोधायला लागली.

तुझं ते वाक्य तू मागे घ्यावंस, यासाठी हे पत्र आहे. दुसरं काही कारण नाही.

एप्रिलमध्ये तू संघूला सुटीसाठी सोडायला आलीस तेव्हाचं आठव. धम्मानंदने दुबईहून भाचीसाठी पाठवलेली इंजेक्शनची दोन पेनं तू पलंगावर मांडलीस, आणि तिसरं सरावाचं, ज्यात सुई नाही की औषध नाही. संघूच्या पोटात शेंगदाण्याचा कण गेला तर काय होतं ते तू सांगितलंस. शाळेत चिक्कीच्या एका तुकड्याने दोन वर्षांपूर्वी काय झालं होतं तेही सांगितलंस. मग म्हणालीस, "बाबा, सरावाचं एकदा हातात धरून बघा." मी म्हणालो, "समजलं समजलं. कागद दे." आणि इंग्रजीवरून मराठीत सात नियम उतरवून काढले. मथळे लाल शाईने. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तू त्याचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवलास, तेव्हा मला जे वाटलं ते मी लपवलं नव्हतं.

तुझ्या आईला मात्र मी बजावलं होतं, "तू याला हात लावू नकोस. तुला कळायचं नाही." तिने विचारलं, "मंग म्या काय करू?" मी म्हणालो, "मला हाक मार." तिने त्या पेनांसाठी गोधडीच्या तुकड्यांची जाड पिशवी शिवली, म्हणजे उन्हाची झळ लागू नये. फ्रिजमध्येही ठेवायची नाहीत आणि उन्हातही नाही, एवढं ते तुझ्याकडून तिने ऐकलं होतं. पिशवी माझ्या खांद्याला. अधिकार माझा.

एका दुपारी मला लवकर जाग आली. आतल्या खोलीत बघतो तर संघू फरशीवर बेशुद्ध पडल्याचं सोंग करून आडवी, आणि तुझी आई तिच्या मांडीवर सरावाचं पेन मुठीत धरून बसलेली. त्यांचा तो रोजचा खेळ होता. मी झोपलो की सुरू व्हायचा. मी उंबऱ्यातून ओरडलो, "आगं, ते पेन हाय, खुरपं न्हाई!" तुझी आई दचकली. पण तुझी लेक डोळे न उघडताच म्हणाली, "आजोबा, मुठीतच धरायचं असतं. अंगठा टोकावर न्यायचाच नाही. मम्मीनं सांगितलंय."

माझ्या कागदावर तोच नियम चौथ्या क्रमांकावर होता. मी तो लिहिला होता, वाचला नव्हता.

कुठली बाजू वर आणि कुठली खाली, हे लेकरू आजीला रोज विचारायचं. निळं टोपण एका टोकाला, सुईचं नारिंगी टोक दुसरीकडे. आजीचं उत्तर ठरलेलं. "निळं कधी खाली असतंय व्हय? निळं वरच." आपल्या दारावरच्या झेंड्याकडे बघून तिने ते पाठ केलं होतं. पेन मांडीवर दाबून दहापर्यंत मोजायचं, असं संघू म्हणाली. आजी आकडे मोजताना घाईत एखादा गाळते. मग दोघींनी तोड काढली, एकदा सावकाश त्रिशरण म्हणून होईपर्यंत मूठ उचलायची नाही. संघूने माझं घड्याळ घेऊन तपासलं होतं. दहा सेकंदांच्या वरच भरतं. हे सगळं माझ्या घोरण्याच्या आडून चाललं होतं.

तुला एक जुनी गोष्ट कधी सांगितली नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तुझ्या आईला शिकवायला बसवलं होतं. बाबासाहेबांच्या नावाने शपथ घेऊन बसवलं होतं. आठव्या वर्षापासून लोकांच्या रानात खुरपलेला तो हात. तिने पेन्सिल धरली ती मुठीत. मी हसलो. दुसऱ्या दिवशीही मुठीत, मी पुन्हा हसलो, आणि शेजारच्या खोलीतल्या माझ्या मित्राला बोलावून दाखवलं. तिसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन आलीच नाही. तिचं एक अक्षर गिरवून झालं होतं, नावातलं पहिलंच. त्यानंतर मी सगळ्यांना सांगत आलो की मी शिकवलं होतं, तिलाच गोडी नव्हती.

आता बुद्ध पौर्णिमा.

विहारातली खीर तुझ्या आईनेच केली होती. गहू, दूध, गूळ, बाकी काही नाही. संघूलाही खाता यावी म्हणून मुद्दाम. शेजारच्या पातेल्यात वांग्याची भाजी होती, शेंगदाण्याचं कूट घातलेली. दोन पातेल्यांचे दोन डाव वेगळे ठेवायचे असं तिने सगळ्या वाढप्यांना तीनदा सांगितलं. पंगतीत गडबड उडाली आणि भाजीचा डाव कुणीतरी खिरीत घातला. कुणीतरी कशाला म्हणू? वाढणारा मी होतो. माइकवर सूचना देत देत वाढत होतो.

पाच-दहा मिनिटांत संघू म्हणाली, "आजी, घशात खाजतंय." मग ओठ सुजले, गळ्यावर आणि हातांवर गांधी उठल्या, एक उलटी झाली आणि आवाज घोगरा झाला. चांगुणाबाई म्हणाली, "पित्त उठलंय गं, गेरू चोळा." कुणी लिंबूपाणी आणलं. तुझी आई ओरडली, "कुनी काई पाजू नका! आडवी करा तिला." मी संघूला उचलून उभी करायला गेलो, तर माझा हात झटकून म्हणाली, "उबी करू नका, चालवू नका. निजवा. तुमच्याच कागदावर हाय." कागद तिला कुणी वाचून दाखवला होता ते त्या दुपारच्या खेळावरून तुला कळलं असेल. पायांखाली तिने बसायच्या पट्ट्यांची गुंडाळी सरकवली.

पिशवी माझ्याकडे. पेन माझ्या हातात. मी निळं टोपण काढलं. आणि मनिषा, चौतीस वर्षं टोपण काढलं की निब तिथंच असते. माझ्या हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. ज्या बाजूचं टोपण निघालं ती बाजू मी लेकराच्या मांडीला लावली, आणि नारिंगी टोकावर अंगठा ठेवून जोरात दाबलं.

खट् झालं. सुई माझ्या अंगठ्यात.

औषध सगळं माझ्या अंगठ्यात गेलं. तुला मी सांगितलेलं दवाखान्याचं दार ते हे. अंगठा पांढराफटक पडला आणि माझं काळीज असं धडधडायला लागलं की मला काही दिसेना. सगळा विहार माझ्याकडे बघत होता. संघूच्या छातीत घरघर वाजायला लागली होती. आणि मी, सात नियम लाल शाईत लिहिणारा माणूस, हात धरून नुसता उभा होतो.

तुझ्या आईने पिशवीतून दुसरं पेन काढलं. मला विचारलं नाही. घाई केली नाही. खुरपं धरावं तसं मुठीत धरलं, दुसऱ्या हाताने टोपण उपसलं, मोठ्याने म्हणाली, "निळं वर," आणि लेकराचा पाय आपल्या गुडघ्याने दाबून धरून मांडीच्या बाहेरच्या अंगाला, फ्रॉकवरूनच, मूठ रोवली. खट् आवाज आला. मग तिने त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. विहारातल्या सगळ्या बायांना वाटलं सुलाबाई प्रार्थना करतेय, म्हणून त्याही म्हणायला लागल्या. ती मोजत होती. तिसरी ओळ पुरी झाली तेव्हाच तिने मूठ उचलली.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "येळ लिवून घ्या. आन् गाडीला फोन लावा. एवडं तर येतंय न्हव?"

तेवढं मी केलं. एकशे आठला डाव्या हाताने फोन लावला आणि तळहातावर वेळ लिहिली, एक वाजून बारा मिनिटं. माझ्या वाट्याला आलेलं काम एवढंच.

पाच-सात मिनिटांत घरघर उतरायला लागली. लेकराने डोळे उघडून पहिल्यांदा आजीकडे बघितलं. गाडी आली तेव्हा सुलाबाईने तिला आडवीच चढवू दिली. ती बरी दिसतेय, आता कशाला दवाखाना, असं दोघं-तिघं म्हणत होते. तुझी आई म्हणाली, "बरी दिसली तरी न्यायचंच. पुन्हा उलटू शकतंय." वापरलेली दोन्ही पेनं पिशवीत घालून तिने स्वतःच्या काखेत धरली.

सेलूला डॉक्टरबाईंनी संघूला तपासलं, आमची दोन्ही पेनं बघितली आणि विचारलं, "हे दुसरं कोणी दिलं? अगदी बरोबर दिलंय." मी म्हणालो, "आम्ही दिलं." तुझी आई दाराजवळ उभी होती. मग बाईंनी माझा अंगठा कोमट पाण्यात धरायला लावला, दर थोड्या वेळाने तपासला, आणि हळूच म्हणाल्या, "काका, हे वाटतं तितकं विरळ नाही. टोपण काढलं की टोक तिथंच असणार, असं लिहिणाऱ्या हाताला वाटतं. म्हणून तर सराव करायचा असतो." त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

तेवढ्यात तुझा फोन आला. "बाबा, इंजेक्शन दिलं का?" मी म्हणालो, "दिलं. लगेच दिलं." "तुम्ही?" असं तू विचारलंस, आणि मी "हो" म्हणालो. बस, एवढंच झालं. एका अक्षराचा शब्द. घरच्या ग्रुपवर तू माझा फोटो टाकलास, दुबईहून धम्मानंदचे सलाम आले. बापाला लेकीकडून असं काही मिळालं की परत करवत नाही गं.

रात्रभर देखरेखीसाठी संघूला परभणीला नेलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या दवाखान्यात तू पोहोचलीस तेव्हा ती तुला म्हणाली, "आजीनं मूठ मारली." तू तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणालीस, "घाबरली होतीस ना बाळा, आजोबांनी दिलं." मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तुझी आई खिडकीशी बसून मोसंबी सोलत होती. लेकराने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. सात वर्षांच्या पोरीला त्या दिवशी मी खोटं पाडलं. अंगठ्याची कळ आता कमी झालीये, ती नजर मात्र कमी होत नाही.

घरी आल्यावर मी तुझ्या आईला म्हणालो, "तू बोलली का न्हाईस?" ती चूल सारवत होती. म्हणाली, "लेकरू वाचलं न्हव. कुनी टोचलं त्याला काय करायचंय? तुमचं नाव हाय गावात. म्या कुटं नाव घेऊन फिरायलेय." हे ती कुरकुरत बोलली नाही, हिशेब मिटवल्यासारखं बोलली. पण गुरुवारी तुझं ते वाक्य ऐकल्यावर तिने सरावाचं पेन कपाटातून काढलं, पदराने पुसलं आणि परत ठेवून दिलं. त्या रात्रीपासून मला हे पत्र लिहायचं होतं. तीन दिवस अंगठ्याचं निमित्त केलं.

आता ऐक. आपल्या घराण्यात पहिला मॅट्रिक मी, पहिली पदवीधर तू, परदेशी गेलेला पहिला धम्मानंद. हे मी येईल-जाईल त्याला सांगत आलो. तुझ्या आईचं नाव त्या यादीत कधी घेतलं नाही. आज घेतोय आणि छाती फुगवून घेतोय. साऱ्या विहारात एकच माणूस शुद्धीवर होता, आणि ती म्हणजे सुलाबाई. तिने नियम वाचले नाहीत, हाताला शिकवले. मला तिचा इतका अभिमान वाटतोय की काल मी किराणा दुकानात उभा राहून, कुणी विचारलं नसताना, सगळी हकीकत सांगितली. अंगठ्यासकट. लोक हसले. हसू देत. मी चाळीस वर्षांपूर्वी ज्याच्यावर हसलो होतो त्यापुढे हे काहीच नाही.

सिद्धोधनलाही आज सकाळी जाऊन सांगून आलो. सन्मानपत्र मीच लिहिणार, पण नाव 'सुलाबाई आश्रुबा' असं असणार. शाल नको म्हणाली. मी म्हणालो, चार शब्द बोल. ती म्हणाली, "म्या काय भाषण करू? म्या दावते." तेव्हा रविवारी ती विहारातल्या सगळ्या बायांना सरावाचं पेन मुठीत धरायला लावणार आहे. त्रिशरणासकट. पहिला विद्यार्थी म्हणून मी पुढे बसणार आहे, हे मी स्वतःहून कबूल केलंय. काल संध्याकाळी तिने माझ्याकडून बारा वेळा करून घेतलं. अकराव्या वेळीही माझा अंगठा वर जात होता. तिने चापट मारली.

तुला दोन कामं. धम्मानंदला नवी पेनं पाठवायला सांग, दोन्ही वापरली गेली आहेत, आणि आली की तारीख बघून घे. ती येईपर्यंत संघूला शेंगदाण्याच्या वाऱ्यालाही नेऊ नकोस. आणि दिवाळीत तिला पाठव. मी घरी असेन किंवा नसेन, तो प्रश्न नाही. तुझी आई घरी आहे का, एवढंच विचारून पाठव.

संघूला माझ्यातर्फे सांग की तिचं बरोबर होतं. आजीनंच मूठ मारली. आजोबांनी तिची माफी मागितली आहे, असं माझं हे अक्षर दाखवून सांग. वाईट आहे, पण माझंच आहे.

पत्र तुझ्या आईला सगळं वाचून दाखवलं. मध्येच दोनदा "हे कशाला लिवलं" म्हणाली. शेवटी मी म्हणालो, "साक्षीला खाली अंगठा उठव." ती म्हणाली, "अंगठ्याचं काम तुमी लय केलं. पेन द्या इकडं." पेन तिने मुठीत धरलं. बराच वेळ लागला, कागद एका जागी फाटला आहे. मी शेजारीच बसलो होतो आणि या वेळी हसलो नाही.

तुझे चुकलेले, आणि आज फार ताठ मानेने बसलेले बाबा,
आश्रुबा

सु